मरियेचे स्थान : सनद आणि वहिवाट

वांद्र्याच्या टेकडीवर मोत माउलीची जत्रा दर वर्षी सप्टेंबर महिन्यात, मरियेच्या जन्माच्या सणानिमित्त, भरते. आणि मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची चिमुकली घरे घेऊन तेथे जे लोक रांगेत उभे राहतात, त्यांत ख्रिस्ती किती आणि ख्रिस्तीतर किती याची मोजदाद करण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाही. गोव्यात तीच माउली ‘सायबीण’ या नावाने वाड्यावाड्यांतून घरोघर पाहुणी म्हणून नेली जाते. याच्या उलट, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत वाढलेल्या अहमदनगरकडील प्रॉटेस्टंट कुटुंबात ८ सप्टेंबर ही तारीख इतर तारखांसारखीच येते आणि जाते. मरियेचे नाव तेथे नाताळात आदराने निघते, पण तिच्यापुढे मेणबत्ती लावून काही मागावे ही कल्पनाच त्या घरातील माणसाला चमत्कारिक, किंबहुना थोडी भयावह वाटते. दोन्ही घरांत ख्रिस्त एकच, बायबल (काही पुस्तकांचा फरक सोडल्यास) एकच, आणि भाषाही बहुधा एकच. असे असता येशूच्या आईविषयी त्यांच्यात एवढे अंतर का पडावे, ते कधी पडले, आणि आज ते कितपत उरले आहे, याचा आढावा येथे घ्यावयाचा आहे. प्रस्तुत लेखक या दोहोंपैकी कोणत्याही मंडळीचा सभासद नसल्यामुळे त्याला कोणाची वकिली करण्याचे कारण नाही. मात्र दोन्ही पक्षांच्या कैफियती वाचल्यावर त्याचे असे मत झाले आहे की, हे अंतर पुष्कळांना वाटते तसे सोळाव्या शतकात एकदाच पडून स्थिर राहिलेले नाही. ते वेळोवेळी कमीजास्त होत गेले आणि सर्वांत रुंद झाले ते सुधारक ल्यूथरच्या मागून तीनशे वर्षांनी, आमच्या पणजोबांच्या आणि आजोबांच्या हयातीत.

१. ग्रंथातील मजकूर

मरियेच्या नावावर पुढे जे अफाट साहित्य निर्माण झाले त्याच्या मानाने नव्या करारातील तिच्याविषयीचा मजकूर आश्चर्य वाटावे इतका थोडा आहे. पौलाच्या पत्रांत तिचे नावही येत नाही. ख्रिस्त एका स्त्रीच्या पोटी जन्मास आला, एवढाच एक उल्लेख गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात सापडतो. मार्कने तिचे नाव एकदा घेतले आहे आणि योहानाने एकदाही नाही. त्याच्या शुभवर्तमानात ती सर्वत्र ‘येशूची आई’ आहे, परंतु ती दिसते ती काना गावच्या लग्नात आणि वधस्तंभापाशी, म्हणजे पुत्राच्या कार्याच्या अगदी आरंभी आणि अगदी शेवटी. तिचे बोलके चित्र काढले आहे ते लूकने. गब्रीएल दूताचा निरोप, अलीशिबेची भेट, दीनांना उंचावणाऱ्या देवाचे स्तोत्र आणि मनात सर्व गोष्टी जपून ठेवणारी आई, हे सारे त्याचेच. पुनरुत्थानानंतर माडीवरच्या खोलीत शिष्यांबरोबर प्रार्थना करीत असलेली मरिया ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात एकदा दिसते आणि मग ग्रंथ तिच्याविषयी मौन धरतो.

या मजकुरातील कोणत्या भागावर वजन द्यावयाचे, येथेच दोन्ही पक्षांच्या वाटा फुटतात. आई आणि भाऊ बाहेर उभे आहेत असा निरोप आला असता, देवाच्या इच्छेप्रमाणे वागणारे तेच आपले कुटुंब, असे उत्तर येशूने दिल्याचे मार्क सांगतो, आणि प्रॉटेस्टंट वाचकाला हा प्रसंग निर्णायक वाटतो. कॅथलिक वाचक म्हणतो की देवाच्या इच्छेला सर्वांच्या आधी होकार देणारी जर मरियाच असेल, तर या उत्तराने तिचा मान कमी होत नाही, उलट त्याचे खरे कारण कळते. काना गावी द्राक्षारस संपला तेव्हा आईच्या शब्दावरून पहिला चमत्कार घडला, हे एकाला दिसते. तिने चाकरांना फक्त पुत्राचे ऐकावयास सांगितले, हे दुसऱ्याला. दोघेही तीच ओळ वाचीत असतात.

परंतु खरी झुंज आहे ती दोन शब्दांची. पहिला शब्द दूताच्या अभिवादनातील ‘केखारितोमेने’ हा ग्रीक शब्द. ज्या व्यक्तीवर कृपा करण्यात आलेली आहे आणि त्या कृपेचा परिणाम टिकून आहे, असा त्याचा व्याकरणदृष्ट्या अर्थ होतो. जेरोमच्या लॅटिन व्हल्गेटमधून युरोपाच्या कानी पडलेला शब्दप्रयोग मात्र ‘ग्रातिआ प्लेना’, म्हणजे ‘कृपेने परिपूर्ण’ असा होता. या दोन अर्थांत अंतर एका केसाचे आहे, पण त्यावर केवढे बांधकाम उभे राहिले! जी परिपूर्ण आहे तिच्यात पापाला जागा कोठून, आणि जिच्यापाशी कृपेचा साठा आहे तिने तो इतरांना का देऊ नये, असे प्रश्न दुसऱ्या अर्थातून ओघाने निघतात. पहिल्यातून ते तसे निघत नाहीत, कारण तेथे लक्ष घेणाऱ्या स्त्रीकडे नसून देणाऱ्या देवाकडे असते. ल्यूथरने आपल्या जर्मन भाषांतरात व्हल्गेटची वाट सोडली आणि टीकाकारांनी गिल्ला केला तेव्हा १५३० साली भाषांतरकलेवर लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात त्याने असा खुलासा केला की, ‘परिपूर्ण’ म्हटल्यावर जर्मन माणसाच्या डोळ्यांपुढे बिअरने भरलेले पीप नाही तर पैशांनी भरलेली थैली उभी राहते. त्याला मनापासून विचाराल, तर त्याने दूताच्या तोंडी ‘प्रिय मरिये’ एवढेच घातले असते. धर्मशास्त्राच्या वादात भाषेची अशी कानसुई क्वचितच लावली गेली असेल.

दुसरा शब्द ‘भाऊ’. याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन हे येशूचे भाऊ म्हणून मार्कने नावानिशी सांगितले आहेत. मरिया अखेरपर्यंत कुमारीच राहिली असे मानणाऱ्यांपुढे यामुळे अडचण उभी राहते. चौथ्या शतकात हेल्विडियस नावाच्या लेखकाने हे मरिया-योसेफांचे पुढे झालेले पुत्र होत असे प्रतिपादन केले. जेरोमने सुमारे ३८३ साली त्याच्यावर तुटून पडून ते चुलत-मावस भाऊ ठरविले. एपिफेनियस या धर्माध्यक्षाने, आणि त्याच्याही पूर्वी दुसऱ्या शतकातील ‘याकोबाचे आद्य शुभवर्तमान’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथाने, ते विधुर योसेफाच्या पहिल्या घरची मुले मानले. मराठी वाचकाला जेरोमचे म्हणणे ऐकताक्षणी पटण्यासारखे आहे, कारण आमच्याकडे चुलतभावाची ओळख परक्याला करून देताना ‘हा माझा भाऊ’ असेच म्हणण्याचा प्रघात आहे. पण ग्रीक भाषेत चुलतभावाला निराळा शब्द आहे आणि तो नव्या करारात अन्यत्र वापरलेलाही आहे, ही हरकत काही केल्या दूर होत नाही. या मुद्द्यावर विद्वानांनी पंथाची हद्द पाळलेली नाही, हेही नमूद करावयास हवे. लाइटफूट या अँग्लिकन पंडिताने १८६५ साली एपिफेनियसची बाजू उचलून धरली, तर जॉन मायर या कॅथलिक धर्मगुरूने १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, केवळ इतिहास आणि भाषा यांच्या कसोटीवर पाहता सख्खे भाऊ हाच अर्थ अधिक संभवनीय, असा कौल दिला.

२. एफेसस

दुसऱ्या शतकात इरेनियसने हव्वा आणि मरिया यांची जोडी लावली: एका स्त्रीच्या अवज्ञेने पडलेली गाठ दुसऱ्या स्त्रीच्या आज्ञाधारकतेने सुटली. हा विचार पुढील सर्व मरियाशास्त्राचे बीज होय. परंतु चर्चने अधिकृत ठराव केला तो ४३१ साली एफेससच्या परिषदेत. कॉन्स्टँटिनोपलचा धर्माध्यक्ष नेस्टोरियस याला मरियेस ‘थिओटोकोस’, म्हणजे देवजननी, म्हणणे पसंत नव्हते. ‘ख्रिस्तजननी’ म्हणावे असा त्याचा आग्रह होता. अलेक्झांड्रियाच्या सिरिलने त्यास विरोध केला आणि परिषदेचा फैसला सिरिलच्या बाजूने लागला. वाद होता तो ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयी: मरियेच्या उदरी आलेला तो देवच होता की देवाशी जोडलेला मनुष्य? आईची पदवी ही मुलाच्या ओळखीची साक्ष म्हणून पुढे आली. एफेसस ही आर्तेमिस देवीची नगरी असल्यामुळे देवीची गादी मरियेला मिळाली, असे काही टीकाकार लिहितात. निष्कर्ष आकर्षक आहे, पण हा शब्द परिषदेपूर्वीच अलेक्झांड्रियाकडे रूढ होता हे लक्षात घेता तो फार सोपा वाटतो. येथे महत्त्वाची गोष्ट अशी की ल्यूथरन, अँग्लिकन आणि रिफॉर्म्ड हे प्रॉटेस्टंट प्रवाह एफेससचा निर्णय मान्य करतात.

३. कॅथलिकांचा आपसांतील वाद

मध्ययुगात मरियेची भक्ती वाढली, तिच्या नावाने कॅथीड्रले उभी राहिली, जपमाळ रूढ झाली. तो तपशील सर्वश्रुत आहे. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की निष्कलंक गर्भसंभवाच्या, म्हणजे मरिया आईच्या उदरात आली तीच मूळपापाच्या डागावाचून, या मतावर कॅथलिकांमध्ये कित्येक शतके तुंबळ वाद चालू होता, आणि त्यात विरोधी बाजूस सामान्य माणसे नव्हती. मरियेचा परमभक्त म्हणून गाजलेला क्लेर्व्होचा बर्नार्ड यानेच, लिआँच्या धर्मगुरूंनी या गर्भसंभवाचा सण सुरू केला तेव्हा, बाराव्या शतकात त्यांना कडक शब्दांत समज दिली. थॉमस अक्वायनसलाही हे मत स्वीकारता आले नाही. ख्रिस्त हा सर्वांचा तारक असेल तर जिला पापच नव्हते तिचे त्याने तारण कशापासून केले, ही त्याची अडचण होती. तिच्यावर तोड काढली डन्स स्कोटसने. चिखलात पडलेल्याला हात देऊन वर काढणे हे तारण खरे, पण पाय घसरण्याआधीच हात धरणे हे अधिक पूर्ण तारण होय, आणि मरियेचे तारण अशा रीतीने, पुत्राच्याच पुण्याईने, आगाऊ झाले, असा त्याचा युक्तिवाद. फ्रान्सिस्कन संघ स्कोटसच्या बाजूस, डॉमिनिकन संघ अक्वायनसच्या. प्रकरण इतके हातघाईवर आले की पोप सिक्स्टस चौथा याने १४७६ साली सणाला मान्यता देऊनही १४८३ साली, दोहोंपैकी कोणत्याही पक्षाने दुसऱ्यास पाखंडी म्हणू नये, असा हुकूम काढला. १५४६ साली ट्रेंटच्या परिषदेने मूळपापाविषयी ठराव करताना त्यात मरियेचा समावेश करण्याचा आपला इरादा नाही असे नमूद केले आणि प्रश्न खुला ठेवला.

या खुल्या काळाचा एक दाखला आपल्या अगदी जवळ आहे. सोळाव्या शतकात स्थापन झालेले पणजीचे ते पायऱ्यांचे पांढरे चर्च निष्कलंक गर्भसंभवाच्या माउलीचेच आहे, आणि पोर्तुगालचा राजा चौथा जुआंव याने १६४६ साली आपले राज्य याच माउलीच्या छत्राखाली ठेवल्याचे जाहीर केले. म्हणजे रोमने हे मत श्रद्धेचा अनिवार्य भाग ठरविण्यापूर्वी तीनशे वर्षे गोव्यातील लोक तिच्या नावाने घंटा वाजवीत होते. वहिवाट आधी आणि सनद मागाहून, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

४. सुधारक

ल्यूथर, झ्विंग्ली आणि कॅल्व्हिन हे मरियेचे वैरी होते, असा समज दोन्ही बाजूंच्या सामान्य लोकांत दृढ आहे, आणि तो निराधार आहे. ल्यूथरने १५२१ साली मरियेच्या स्तोत्रावर जे भाष्य लिहिले, त्याइतके प्रेमळ लिखाण त्याच्या तापट लेखणीतून फारसे उतरलेले नाही. ती नित्यकुमारी होती आणि देवजननी होती, हे त्याने अखेरपर्यंत मानले, आणि तिच्या ज्या सणांना बायबलचा आधार आहे ते त्याने चालू ठेवले. झ्विंग्लीचेही नित्यकौमार्याविषयी तेच मत होते. कॅल्व्हिन अधिक सावध. हेल्विडियसचे अनुमान त्याने फेटाळले, मात्र ‘देवजननी’ हा शब्द अडाणी लोकांच्या मनात गोंधळ उडवील म्हणून मंडळीत तो वापरणे त्याला रुचत नव्हते.

मग त्यांची तक्रार होती कशाविषयी? ती मुख्यतः एका गोष्टीविषयी होती: मरियेकडे आणि संतांकडे मागणे मागावयाचे की नाही. ल्यूथरनांच्या १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाच्या एकविसाव्या कलमात संतांचे स्मरण करावे, त्यांच्या श्रद्धेचे अनुकरण करावे, पण त्यांची याचना करू नये असे म्हटले आहे. आणि पुढील वर्षीच्या समर्थनात ल्यूथरचा सहकारी मेलांख्थॉन याने, मरिया चर्चसाठी प्रार्थना करते हेही कबूल करून, तिची याचना करण्यास ग्रंथात आज्ञा नाही, अभिवचन नाही आणि उदाहरणही नाही एवढाच आक्षेप ठेवला. देव आणि मनुष्य यांच्यामध्ये ख्रिस्त हा एकच मध्यस्थ, हे तीमथ्याच्या पहिल्या पत्रातील वचन त्यांचा आधारस्तंभ होते. मराठीत हा आक्षेप एका शब्दात मांडता येईल: ‘वशिला’. ज्याच्या दरबारी सर्वांना थेट मुभा आहे त्याच्याकडे वशिला लावणे म्हणजे त्याच्या दयेविषयी शंका घेणे होय. गंमत अशी की हा शब्द ज्या अरबीतून आपल्याकडे आला, तेथे त्याचा अर्थ देवाजवळ पोचण्याचे साधन असा पवित्र आहे, आणि संतांच्या द्वारे देवाकडे जावे की नाही हा वाद मुसलमानांतही त्याच शब्दाभोवती फिरत आलेला आहे.

कॅथलिक पक्षाचे उत्तर ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली नोंदविले: संतांची याचना करणे चांगले आणि उपयुक्त आहे. ते प्रत्येकाने केलेच पाहिजे असे परिषद म्हणाली नाही, ही बारीक गोष्ट पुढील भांडणात हरवली. आजारी माणूस शेजाऱ्याला ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हणतो, तेव्हा तो ख्रिस्ताचे मध्यस्थपण नाकारीत नाही. मग ख्रिस्तात जिवंत असलेल्या त्याच्या आईला तसे म्हणण्यात बाधा कोणती? शिवाय देवाची उपासना, संतांचे वंदन आणि मरियेचे विशेष वंदन या तीन पायऱ्या धर्मशास्त्राने काटेकोरपणे वेगळ्या ठेवलेल्या आहेत. यावर प्रॉटेस्टंट प्रत्युत्तर असे की शेजाऱ्याशी आपण बोलतो, गुडघे टेकीत नाही. आणि त्या तीन पायऱ्या पंडितांच्या पोथीत स्पष्ट असल्या तरी मूर्तीपुढे रडणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या मनात त्या असतात काय? हा प्रश्न खोचक असला तरी अप्रामाणिक नाही.

५. अंतर वाढते

पुढील तीन शतकांत एकमेकांकडे पाठ फिरवून दोघे चालू लागले. १५७१ साली लेपांटोच्या आरमारी लढाईत तुर्कांवर मिळालेला विजय जपमाळेच्या प्रार्थनेला लावण्यात आला. लिग्वोरी या कॅथलिक धर्मगुरूचे ‘मरियेची थोरवी’ हे पुस्तक १७५० साली निघाले. ग्रिन्यों द मोंफोर याचे सर्वस्व-समर्पणाचा उपदेश करणारे हस्तलिखित त्याच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी सापडून १८४३ साली छापले गेले. इकडे प्रॉटेस्टंट प्रवचनांतून मरिया जवळजवळ नाहीशी झाली. कॅथलिक तिचे नाव घेतात म्हणून आपण घेऊ नये, असा उफराटा नियमच जणू पडून गेला. ख्रिस्तजन्माच्या नाटुकल्यात निळी ओढणी घेतलेली एक मुकी मुलगी एवढेच स्थान तिला उरले.

८ डिसेंबर १८५४ रोजी पोप पायस नववा याने निष्कलंक गर्भसंभव हा सर्व कॅथलिकांना बंधनकारक श्रद्धासिद्धांत ठरविला. १८७० साली पोपच्या निर्णयाच्या अचूकतेचा सिद्धांत आला, आणि त्या अधिकाराचा वापर करून १ नोव्हेंबर १९५० रोजी बाराव्या पायसने मरियेचे सदेह स्वर्गोन्नयन जाहीर केले. त्याने आधी जगभरच्या बिशपांचे मत मागविले होते आणि ते जवळजवळ एकमुखी अनुकूल होते; ती वारली की न वारताच वर घेतली गेली, हा प्रश्न मात्र ठरावात मुद्दाम मोकळा ठेवला. हायडेलबर्गच्या प्रॉटेस्टंट धर्मशास्त्रज्ञांनी आधीच लेखी हरकत घेतली होती. त्यांचे म्हणणे असे की या घटनेविषयी बायबलमध्ये एक अक्षर नाही आणि पहिल्या काही शतकांतील लेखकांतही विश्वसनीय साक्ष नाही. कार्ल बार्ट या प्रॉटेस्टंट धर्मशास्त्रज्ञाने, जो कुमारीजन्म आणि ‘देवजननी’ ही पदवी या दोहोंचा कडवा समर्थक होता, त्यापूर्वीच असे लिहून ठेवले होते की रोमशी असलेल्या सर्व मतभेदांचे मर्म या मरियासिद्धांतातच आहे, कारण येथे मनुष्य स्वतःच्या तारणात देवाला सहकार्य करणारा भागीदार ठरतो.

सर्वच कॅथलिक एका सुरात बोलत होते असेही नाही. अँग्लिकन पंडित प्यूसीने १८६५ साली मरियाभक्तीतील अतिरेकी वचनांची लांबलचक यादी मांडली, तेव्हा अँग्लिकन पंथ सोडून कॅथलिक झालेल्या न्यूमनने १८६६ साली उत्तर देताना त्यांतील पुष्कळ वचनांची जबाबदारी सरळ नाकारली, आणि इरेनियसच्या ‘दुसऱ्या हव्वे’पर्यंत मागे जाऊन मूळ सिद्धांताचे समर्थन केले. या सबंध दप्तरात इतके सभ्य आणि इतके विद्वत्तापूर्ण दुसरे भांडण मला आढळले नाही.

६. सनद की वहिवाट

या ठिकाणी थोडे थांबणे इष्ट आहे, कारण १८५४ आणि १९५० नंतर वादाचा गाभाच बदलला. सोळाव्या शतकात तक्रार उपासनेची होती. आता ती अधिकाराची झाली. जमिनीच्या दाव्यात एक पक्ष म्हणतो ‘सनद दाखवा’, दुसरा म्हणतो ‘आमची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट पाहा’. तसाच हा प्रकार आहे. प्रॉटेस्टंटांच्या दृष्टीने बायबल ही सनद होय. तिच्यात जे नाही आणि तिच्यावरून जे सिद्ध होत नाही, ते कोणाच्याही श्रद्धेवर लादता येत नाही, मग ते मत कितीही सुंदर असो. कॅथलिक म्हणतात की सनदेत कोणती पुस्तके आहेत हे तरी कोणी ठरविले? चर्चच्या वहिवाटीनेच ना? जी पवित्र आत्म्याच्या मार्गदर्शनाखाली पुस्तके ओळखू शकली, ती मंडळी त्या पुस्तकांत बीजरूपाने असलेले सत्य काळाच्या ओघात ओळखू शकणार नाही काय? प्रॉटेस्टंट त्यावर म्हणतात की दस्तऐवज नोंदणारा कारकून त्या जमिनीचा मालक होत नाही. दोन्ही युक्तिवादांत बळ आहे, आणि मरिया हे त्यांच्या परीक्षेचे स्थळ झाले ते तिचा मजकूर थोडा आणि वहिवाट मोठी असल्यामुळे.

आपल्याकडील एका चरित्रात हा पेच विलक्षण रीतीने दिसतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे झाला. ज्या भगिनींच्या आश्रमात त्या राहिल्या होत्या, तो संघ अँग्लिकन असूनही नाव धारण करीत होता कुमारी मरियेचे, आणि त्याची शाखा पुण्यातही होती. प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक अशी सरळ दुफळी मानणाऱ्याने या नावाकडे जरूर पाहावे. रमाबाईंचे पुढे त्या भगिनींशी पत्रव्यवहारातून जे खटके उडाले ते मरियेवरून नव्हते. इकडच्या पुरोहितवर्गाचे जू फेकून दिल्यावर चर्चच्या अधिकाराचे तसलेच दुसरे जू आपण मानेवर घेणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. अधिकाऱ्यांच्या निर्णयावर विसंबावे की ग्रंथ आणि विवेक यांवर, हाच त्यांचाही प्रश्न होता.

७. चाळीस मतांचे अंतर

२९ ऑक्टोबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नावर मतदान झाले: मरियेविषयी स्वतंत्र दस्तऐवज काढावा, की चर्चविषयीच्या दस्तऐवजात तिच्यावर एक प्रकरण घालावे? स्वतंत्र दस्तऐवजाची बाजू मनिलाच्या कार्डिनल सांतोस यांनी मांडली आणि समावेशाची व्हिएन्नाच्या कार्डिनल केनिग यांनी. समावेशाच्या बाजूने १,११४ मते पडली आणि विरुद्ध १,०७४. ज्या परिषदेत बहुतेक ठराव प्रचंड बहुमताने झाले, तिच्या इतिहासात एवढी अटीतटीची लढत दुसरी नाही. फरक केवळ मांडणीचा नव्हता. मरिया चर्चच्या वर, ख्रिस्ताच्या शेजारी उभी आहे, की चर्चच्या आत, पहिली आणि सर्वश्रेष्ठ शिष्या म्हणून? १९६४ च्या नोव्हेंबरात संमत झालेल्या प्रकरणात दुसऱ्या उत्तराकडे कल आहे. ‘मध्यस्था’ ही पदवी तेथे येते, पण ख्रिस्ताच्या एकमेव मध्यस्थपणात तिने काही भर पडत नाही की काही उणेही होत नाही, अशा स्पष्ट खुलाशासह. त्याच दिवशी पोप सहावा पॉल याने तिला ‘चर्चची माता’ अशी पदवी आपल्या भाषणात देऊन टाकली, आणि पराभूत पक्षाचेही थोडे समाधान झाले.

यानंतर परस्परांची कैफियत ऐकून घेण्याचा काळ सुरू झाला. तेझे येथील रिफॉर्म्ड साधू माक्स त्युरियां याने १९६२ सालीच मरियेवर सहानुभूतीचे पुस्तक लिहिले होते. १९७८ साली अमेरिकेतील प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक पंडितांनी मिळून ‘नव्या करारातील मरिया’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. ग्रंथातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, याची एवढी समंजस रुजुवात त्यापूर्वी झाली नव्हती. फ्रान्समधील दोंब या कॅथलिक-प्रॉटेस्टंट संवादमंडळाने १९९० नंतरच्या दशकात असे सुचविले की १८५४ आणि १९५० चे सिद्धांत मान्य करणे ही ऐक्याची पूर्वअट कॅथलिक चर्चने ठेवू नये, आणि प्रॉटेस्टंटांनी आपले मरियेविषयीचे मौन तपासून पाहावे. अँग्लिकन-कॅथलिक आयोगाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनात आणखी पुढे जाऊन, या दोन सिद्धांतांतील आशय बायबलच्या शिकवणीशी सुसंगत रीतीने समजून घेता येतो असे म्हटले. पण जे सुसंगत आहे ते सक्तीचे का, या प्रश्नाशी आयोगही थबकला.

८. न सुटलेले

हीच पहिली अनिर्णित बाब. मरियेविषयी काय मानावे यापेक्षा ते न मानणारा श्रद्धेतून ढळला असे म्हणावे काय, यावर गाडे अडले आहे. १९५० च्या ठरावातील शब्द याबाबत निःसंदिग्ध आहेत आणि कोणताही पोप ते मागे घेईल अशी चिन्हे नाहीत.

दुसरी बाब ‘सहतारिणी’ या पदवीची. ती मरियेविषयीचा पाचवा सिद्धांत म्हणून घोषित व्हावी यासाठी १९९० नंतर लक्षावधी सह्यांचे अर्ज रोमकडे गेले. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी रोमच्या धर्मसिद्धांत खात्याने, पोप लिओ चौदावा यांच्या मान्यतेने, ही पदवी वापरणे अनुचित असल्याचे आणि ‘सर्व कृपांची मध्यस्था’ या पदवीबाबतही सावधगिरी बाळगावी असे जाहीर केले. ल्यूथरन वाचकाला यात आपल्याच जुन्या हरकतीचा प्रतिध्वनी ऐकू आला तर नवल नाही. खात्याने मात्र निर्णय आपल्याच परंपरेच्या आधारे दिला आहे, आणि त्यामुळे तो अधिक टिकण्यासारखा आहे.

तिसरी बाब संवादाच्या टेबलावर आलेलीच नाही. ज्या प्रॉटेस्टंटांनी या निवेदनांवर सह्या केल्या ते बहुतांशी युरोप-अमेरिकेतील जुने पंथ. आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि आशियात झपाट्याने वाढणारे पेंटेकोस्टल समाज या चर्चांत फारसे नाहीत, आणि त्यांच्या दृष्टीने मूर्तीपुढची मेणबत्ती ही अजूनही सरळ मूर्तिपूजाच आहे. उलट लोकांची भक्ती आयोगाच्या निवेदनांची वाट पाहत नाही. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानण्याची गोव्यातील रीत घ्या. हिला कॅथलिक धर्मशास्त्रात जागा नाही आणि प्रॉटेस्टंटांच्या आरोपपत्रात ती पुराव्यादाखल सहज जाईल. पण तेल घेऊन जाणारे हिंदू आणि ख्रिस्ती भाविक तिच्याकडे सिद्धांत म्हणून पाहतच नाहीत. ज्या इंग्रज जेझुइटाने ल्यूथर-कॅल्व्हिनच्या छायेतील आपला देश सोडून सासष्टीत मराठी ओवीत मरियेच्या पुत्राचे पुराण रचले, त्या फादर स्टीफन्सला या दोन जगांमधले अंतर चांगले ठाऊक असले पाहिजे.

चौथी बाब स्त्रियांनी उपस्थित केली. मरीना वॉर्नर यांनी १९७६ साली असा प्रश्न केला की जी एकाच वेळी कुमारी आणि माता आहे, तिचा आदर्श कोणत्याही स्त्रीला कधी गाठता येईल काय. एलिझाबेथ जॉन्सन या कॅथलिक संन्यासिनीने २००३ साली गालीलातील गरीब, कष्टकरी मरिया पुढे आणली. बेव्हर्ली गव्हेन्टा या पंडितेने तिच्या आधी प्रॉटेस्टंट अभ्यासकांना लूकच्या मरियेकडे पुन्हा वळविले होते. येथे पंथाची रेघ पुसट होते, आणि सर्वांची बोटे एकाच पानावर येऊन थांबतात: बलिष्ठांना आसनावरून खाली ओढणाऱ्या देवाचे ते स्तोत्र.

ते स्तोत्र कॅथलिक चर्चच्या सायंप्रार्थनेत रोज म्हटले जाते, आणि अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातील सायंप्रार्थनेतही रोज म्हटले जाते. अँग्लिकन उपासक ते संपवून नव्या करारातील पाठाकडे वळतात, आणि थोड्या वेळाने मतांगीकारात कुमारी मरियेचे नाव घेऊन पुढे जातात. कॅथलिक मठात, दिवे मालवण्यापूर्वीच्या रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेत, संन्यासी आणखी एक गीत म्हणतात, आणि ते तिला उद्देशून असते.